ट्यूबाचे तीन हट्टी सूर: चढणारा रे, उतरणारा ग आणि दबणारा नी

गणपती दीड-दोन महिन्यांवर आले की माझ्याकडे हमखास कुणीतरी ट्यूबा, म्हणजे बँडमधलं खर्जाचं मोठं पितळी वाद्य, घेऊन येतं. यंदा कळव्याहून एक मुलगा आला. तीन व्हॉल्व्हचा जुना बीफ्लॅट ट्यूबा, गोधडीत गुंडाळून रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवा घातलेला. तक्रार त्यानं घरूनच नीट मांडून आणली होती. "काका, खालचा रे चढतो, वरचा ग उतरतो आणि नी दबलेला येतो. ओठांनी सांभाळतो, पण तासाभरात ओठ सुटतात."

वीस वर्षं मी ठाण्यात बँडमध्ये बास वाजवतोय आणि हीच तीन गाऱ्हाणी पुन्हा पुन्हा ऐकतोय. तिन्ही 'बेसूर' या एका शब्दात बसतात, म्हणून माणूस तिन्हींवर एकच इलाज करतो: ओठ आवळायचे. पण तिन्हींची कारणं अगदी वेगळी आहेत. रे चढतो तो नळीच्या हिशोबामुळे. ग उतरतो तो निसर्गानं तसा दिलाय म्हणून. आणि नी दबतो, कारण वाद्यात काहीतरी झिजलंय किंवा मोडलंय. सूर दुरुस्त करायला घेण्याआधी तो यातल्या कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. निम्मं काम तिथेच होतं.

व्हॉल्व्ह म्हणजे बोटानं दाबायची कळ, ती दाबली की हवा एका जास्तीच्या नळीतून फिरून येते. त्या नळीचा आत-बाहेर सरकणारा तुकडा म्हणजे स्लाइड. पुढे मी सगळं सरगममध्येच लिहितो. बीफ्लॅट ट्यूबा कुठलाही व्हॉल्व्ह न दाबता वाजवला की पेटीवरच्या काळी पाचचा सा मिळतो. म्हणजे शुद्ध रे पांढरी एक, ग पांढरी दोन, प पांढरी चार, नी पांढरी सहा. ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर किंवा ॲपवर, दिसणारा 'सेंट' म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. दहा सेंटचा फरक तयार कानाला कळतो, तीसचा मांडवातल्या सगळ्यांना.

आधी खोलीबाहेर या

आपल्याकडच्या फ्लॅटमधली बेडरूम बहुधा दहा बाय बाराची. दहा फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमधल्या हवेला तिचा स्वतःचा एक सूर असतो, सेकंदाला साधारण ५६-५७ आंदोलनांचा. ट्यूबाचा खर्जातला सा ५८ आंदोलनांचा. त्यामुळे त्या खोलीत सा असा काही घुमतो की कपाटाची दारं थरथरतात, आणि त्याच्या शेजारचा रे (६५ आंदोलनं) एकदम पोकळ वाटतो. मग आपण त्या रे वर जास्त फुंक मारतो, तो आणखी बिघडतो आणि दोष ट्यूबाच्या माथी जातो.

म्हणून मी त्या मुलाला घेऊन रविवारी सकाळी साडेसहाला उपवनला गेलो. तलावाच्या काठी मोकळ्यावर भिंत नाही, घुमणं नाही. तिथे जो सूर वाईट, तो खरोखर वाईट.

तिथे करायचं एकच काम, वही भरायची. दहा मिनिटं साधे लांब सूर वाजवून वाद्य तापवा. मोबाइलवरचा ट्यूनर सुरू करा आणि डोळे मिटा. सूर लावा, स्थिर होऊ द्या, चार-पाच सेकंद धरा आणि मगच डोळे उघडून आकडा बघा. डोळे उघडे ठेवून वाजवलं तर ओठ आपोआप काट्यामागे धावतात आणि वहीत वाद्याचा नाही, तुमच्या धडपडीचा आकडा उतरतो. मोबाइलचा माइक खर्जात कमी पडतो आणि ट्यूनर कधीकधी वरच्या सप्तकाचं नाव दाखवतो. त्यानं घाबरू नका, सेंटचा आकडा तोच राहतो. असं निदान तीन वेगवेगळ्या दिवशी करा. जमलं तर दुसऱ्या कुणाला तेच वाद्य वाजवू द्या. दोघांचा तोच सूर त्याच बाजूला गेला तर दोष वाद्यात आहे. नाही गेला तर दोष तुमच्या सवयीत आहे, किंवा माउथपीसमध्ये. माउथपीस नळीत घालून हलकेच हलवून बघा. डुगडुगत असेल तर तो त्या वाद्याचा नव्हेच, आणि पुढचं काहीही करण्याआधी तो बदला.

दबणारा नी

मोडतोड पहिल्यांदा बघायची. गळक्या नळीच्या स्लाइड मोजत बसण्यात अर्थ नाही.

नी येतो फक्त दुसरा व्हॉल्व्ह दाबून. मुलाचा नी उंचीला ठीक होता, पण आवाज असा, जणू बेलमध्ये, म्हणजे वाद्याच्या कर्ण्यात, कुणी उशी कोंबलीय. मी विचारलं, "तीव्र म कसा येतो?" म्हणाला, "तो आमच्या गाण्यांत फारसा येतच नाही." वाजवायला सांगितला. तोही तसाच. मग पहिला आणि दुसरा दाबून ध वाजवला, तोही थोडा कोंदट. सा आणि प मात्र मोकळे, खणखणीत. म्हणजे बिघाड नी चा नव्हता, दुसऱ्या व्हॉल्व्हचा होता. नी गाण्यांत लांब धरावा लागतो, म्हणून तेवढाच त्याच्या लक्षात आला होता.

हा ताळा नेहमी घ्या. एकाच व्हॉल्व्हचे सगळे सूर दबत असतील तर तो व्हॉल्व्ह दाबल्यावर योग्य जागी थांबत नाहीये. व्हॉल्व्ह न दाबता येणारे सूरसुद्धा कोंदट असतील तर कुठला तरी व्हॉल्व्ह वर आल्यावर जागेवर बसत नाहीये, किंवा नळी सुरुवातीलाच गळतेय. आणि सगळ्या वाद्यात एकच सूर थरथरत असेल तर पोचा, चीर किंवा निखळलेला डाग (नळ्या जोडणारा झाळलेला सांधा) शोधा.

दुसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड आखूड असते, ती काढून आत बघणं सोपं. आम्ही बाकावर बसून ती काढली, मोबाइलचा टॉर्च आत मारला आणि व्हॉल्व्ह पूर्ण दाबला. नळीच्या तोंडाशी भोकाचं पूर्ण वर्तुळ दिसायला हवं. वरच्या कडेला पितळेची एक चकचकीत कोर दिसत होती, चतुर्थीच्या चंद्रासारखी. पिस्टन, म्हणजे व्हॉल्व्हमधला वरखाली होणारा भाग, गरजेपेक्षा दीडेक मिलिमीटर जास्त खाली जात होता आणि तेवढी वाट बुजत होती. बटण खोललं तर खालची फेल्टची चकती दाबून दाबून कागदाएवढी उरलेली.

फेल्ट मिळायला लांब जावं लागत नाही. पेटी दुरुस्त करणाऱ्यांकडे चांगलं दाट फेल्ट असतं. नौपाड्यातल्या अशाच एका काकांनी मला बोटभर तुकडा दिला. चकती आधी जाडच कापा, बसवा, टॉर्चनं बघा, मग ब्लेडनं थोडी थोडी तासत वर्तुळ पूर्ण होईपर्यंत आणा. व्हॉल्व्ह वर आल्यावरची जागा वेगळ्या चकतीवर ठरते, ती वरच्या टोपणाच्या आत दांड्याभोवती असते. एक बदलली की दुसरीही तपासा. अर्ध्या तासाचं काम. त्यानंतर त्या मुलानं नी लावला आणि काठावर फिरायला आलेले दोन आजोबा थांबून ऐकू लागले.

गळती शोधायच्या तीन युक्त्या सांगतो, तिन्हींना पैसे लागत नाहीत. एक, वाईट सूर वाजवताना पाणी काढायची चावी बोटानं घट्ट दाबून धरा. सूर सुधारला तर तिचं बूच गेलंय. माझ्या पहिल्या ट्यूबाचा खर्जातला प दोन वर्षं थरथरायचा. रोज तास-तास तेवढाच सूर घासून मी ओठ सुजवून घेतले. शेवटी त्या बुचात सुईच्या टोकाएवढी चीर सापडली. ती दोन वर्षं मला अजून सलतात, म्हणून आता कुणाच्याही ट्यूबावर पहिलं बोट माझं तिथेच जातं. दोन, व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड इंचभर बाहेर ओढा, आठ-दहा सेकंद थांबा, मग व्हॉल्व्ह दाबा. 'टक्' असा आवाज आला तर पिस्टन आणि स्लाइड हवाबंद आहेत. काहीच आवाज नाही आला तर हवा कुठून तरी शिरतेय. तीन, सूर वाजताना खरखर येत असेल तर सोबत्याला वाद्यावर ठिकठिकाणी तळहात टेकवायला सांगा. हात जिथे टेकल्यावर खरखर थांबते तिथला डाग सुटलाय.

पोचे मात्र घरी काढू नका. बेलवरचा मोठा पोचा दिसायला वाईट, पण सुराला त्यामानानं कमी नडतो. माउथपीसजवळच्या बारीक नळीतला चण्याएवढा पोचा एखाद्या सुराचं वाटोळं करतो.

चढणारा रे

इथे जरा बैठक मारून वाचा, कारण ट्यूबाची खरी अडचण हीच आहे आणि ती जन्मापासून आहे.

बीफ्लॅट ट्यूबाची नळी साडेपाच मीटरच्या आसपास. दुसरा व्हॉल्व्ह दाबला की तिच्यात सुमारे ६ टक्के लांबी वाढते आणि सूर अर्धा स्वर, म्हणजे पेटीची एक पट्टी, उतरतो. पहिल्यानं सव्वाबारा टक्के वाढते, एक स्वर उतरतो. तिसऱ्यानं जवळजवळ १९ टक्के, दीड स्वर. प्रत्येक स्लाइडची लांबी मूळ साडेपाच मीटर धरून कापलेली असते. पण पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की पहिल्यामुळे नळी आधीच लांब झालेली असते. त्या लांबलेल्या नळीला दीड स्वर उतरवायला तिसऱ्याचे १९ टक्के पुरत नाहीत. लांबी कमी पडते, म्हणून सूर चढतो.

किती चढतो, तेही हिशोबानं निघतं. पहिला-दुसरा मिळून ११ सेंट. दुसरा-तिसरा साडेपंधरा. पहिला-तिसरा ३०. आणि तिन्ही मिळून ५३ सेंट, म्हणजे अर्ध्या पट्टीपेक्षाही जास्त. खर्जातल्या सा च्या लगेच वरचा कोमल रे तिन्हींनी वाजतो आणि शुद्ध रे पहिल्या-तिसऱ्यानं. मुलाचा रे का चढतो याचं उत्तर इथे आहे. त्याच्या ओठांचा यात काहीच दोष नव्हता, आणि हे त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा खुलला.

बर्लिनमध्ये बँडमास्तर व्हीप्रेष्ट आणि वाद्य बनवणारे मोरित्झ यांनी १८३५ साली ट्यूबाचं पेटंट घेतलं, तेव्हा त्या पहिल्या ट्यूबालाच पाच व्हॉल्व्ह होते. पुढे १८७४ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्लेकलीनं अशी रचना काढली की व्हॉल्व्ह एकत्र दाबले की हवा जास्तीच्या छोट्या नळ्यांतून फिरून येते आणि कमी पडलेली लांबी आपोआप भरून निघते. तिला कॉम्पेन्सेटिंग म्हणतात. असा ट्यूबा हाती असेल तर हा भाग सोडून द्या. चार व्हॉल्व्हचा साधा असेल तर रे साठी पहिला-तिसरा विसरा, एकटा चौथा दाबा. कोमल रे साठी दुसरा-चौथा. तो तरीही २५ सेंट चढतो, पण चौथ्याची स्लाइड ओढून ते भरता येतं.

आपल्याकडे मात्र बहुतेकांच्या हातात तीन व्हॉल्व्हचं साधं वाद्य असतं. त्यांच्यासाठी मी हे बसवलंय.

आधी प्रत्येक व्हॉल्व्ह एकेकटा दाबून सुरात येईल अशी त्याची स्लाइड लावा. तिथे मार्करनं खूण करा, ती तुमची शून्याची जागा. बऱ्याच वाद्यांची तिसरी स्लाइड कारखान्यातूनच थोडी लांब येते, म्हणून ही खूण हवीच. आता त्या खुणेपासून तिसरी स्लाइड तीन सेंटिमीटर बाहेर ओढा. दुसरा-तिसरा जवळजवळ सुरात येतो. एकटा तिसरा यामुळे उतरतो, पण एकटा तिसरा आपण वाजवतोच कुठे? त्या सुरांना पहिला-दुसरा असतो. मग पहिली स्लाइड एकच सेंटिमीटर ओढा. पहिला एकटा पाच-सहा सेंट उतरेल, पहिला-दुसरा पाचेक सेंट चढेल. दोन्ही कडवट नाहीत. आणि शुद्ध रे ३० वरून ११ वर येतो. अकरा सेंट ओठ सैल सोडून खाली घेता येतात. ट्यूबावर सूर ओठांनी उतरवणं सोपं आणि चढवणं कठीण, हे कायम लक्षात ठेवून तडजोड करा.

कोमल रे यानंतरही ३५ सेंट चढाच राहतो. निव्वळ स्लाइडनं तो बसवायचा तर खुणेपासून एकूण बारा सेंटिमीटर ओढावी लागते, आणि पुढच्या सुराआधी परत आत. चालत्या मिरवणुकीत ते होत नाही. म्हणून तो सूर लांब असेल तिथे मी वरच्या सप्तकात घेतो, पहिल्या-दुसऱ्यानं. तिथे तो का चांगला येतो ते पुढे सांगतो.

ही मापं बीफ्लॅटची. ईफ्लॅट ट्यूबा असेल तर सगळे सेंटिमीटर पाऊण पटीनं घ्या.

मुलाची तिसरी स्लाइड मुळात हलतच नव्हती. अशा वेळी पक्कड लावू नका, नळी पिळवटते. सांध्यावर पातळ तेल सोडून रात्रभर मुरू द्या. सकाळी स्लाइडच्या वळणातून सुती पट्टा घाला, त्या व्हॉल्व्हचं बटण दाबून धरा, नाहीतर आतली हवा स्लाइड ओढून धरते, आणि पट्ट्याला सरळ रेषेत छोटे हिसके द्या. त्याची चौथ्या हिसक्याला निघाली, आत हिरवा थर. नसती निघाली तर मी ती वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडेच नेली असती.

उतरणारा ग

सरळ नळीत फुंक वाढवत गेलं की सूर पायऱ्यांनी चढतात. दुसऱ्या पायरीवर खर्जातला सा, तिसरीवर प, चौथीवर सा, पाचवीवर ग, सहावीवर प, सातवीवर कोमल नी, आठवीवर पुन्हा सा. यातला पाचव्या पायरीचा ग पेटीच्या ग पेक्षा १४ सेंट उतरा आणि सातवीचा कोमल नी तब्बल ३१ सेंट उतरा. सातवी पायरी कुणी वापरत नाही, कोमल नी पहिला व्हॉल्व्ह दाबून आठवीवरून घेतात. ग मात्र सगळे मोकळाच, म्हणजे एकही व्हॉल्व्ह न दाबता, वाजवतात.

आता तानपुरा आठवा. खर्जाची तार छेडली की तिच्यातून आपोआप ग ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. ट्यूबाचा पाचव्या पायरीचा ग तोच आहे. गाणाऱ्याला जो ग खरा वाटतो, तोच ट्यूनरवर १४ सेंट कमी दिसतो. मोबाइलवर काळी पाचचा तानपुरा लावून त्यावर ट्यूबाचा मोकळा ग धरा. दोन्ही आवाज एकमेकांत विरघळतील, लहरी थांबतील. त्या मुलाला मी हे ऐकवलं तेव्हा तो बराच वेळ तो एकच सूर धरून बसला होता. मग म्हणाला, "काका, हा तर बरोबर आहे."

बरोबर आहे, पण सा सोबत. बाकीचे काळी पाचचा सा-प धरून असतील आणि तुमच्याकडे त्यातला ग असेल तर मोकळाच वाजवा, कुठेही हात लावू नका. तीच पांढरी दोन दुसऱ्या पट्टीत प किंवा सा म्हणून येते, किंवा की-बोर्ड तीच धून बरोबरीनं वाजवतो, तेव्हा मात्र ती कमी पडते. तेव्हा पहिला-दुसरा दाबून सहाव्या पायरीवरून घ्या. स्लाइड वर सांगितल्या तशा लावलेल्या असतील तर ती साधारण सात सेंट चढी येते आणि ओठ सैल सोडले की बसते. त्याच सप्तकातला कोमल ग दुसऱ्या-तिसऱ्यानं जवळपास अचूक येतो. शुद्ध रे मात्र एकट्या पहिल्यानं २० सेंट उतरतो, त्याला पहिला-तिसरा बरा.

आणि वरचा कोमल रे? तो पाचव्या पायरीवरून पहिल्या-दुसऱ्यानं येतो. पायरी १४ सेंट खाली ओढते, व्हॉल्व्हची जोडी पाच सेंट वर ढकलते, बाकी राहते आठ-नऊ. दोन दोष एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात.

हवा आणि जुनी वाद्यं

हवेच्या तापमानात एक अंश वाढ झाली की पितळी वाद्याचा सूर तीन सेंटच्या आसपास चढतो. पाडव्याच्या शोभायात्रेत कोपिनेश्वराजवळ सकाळी गार हवेत लावलेला ट्यूबा अकराच्या उन्हात वीस-पंचवीस सेंट वर गेलेला मी मोजलाय. कॉर्नेटसारख्या लहान पितळी वाद्याच्या छोट्या नळीला वाजवणाऱ्याचा श्वास सांभाळतो, ट्यूबाच्या पोटातली हवा मात्र बाहेरच्या हवेच्या कलानं चालते. म्हणून बँड थांबला की दर वेळी पुन्हा मिळवा. मुख्य स्लाइड, म्हणजे सगळ्या वाद्याचा सूर एकदम हलवणारी, एक सेंटिमीटर ओढली की सहा सेंट उतरतं, हे माप तोंडपाठ असू द्या. उलट एसी सभागृहात पडदा उघडण्याआधी व्हॉल्व्ह दाबून नळीत नुसता गरम श्वास सोडत राहा, आवाज न करता.

सगळेच सूर सारखे ४०-५० सेंट चढे निघाले तर कदाचित काहीच बिघडलेलं नाही. ब्रिटिश बँड १९६०च्या दशकापर्यंत पांढरी सहा ४४० ऐवजी ४५२.५ आंदोलनांची धरत. त्या काळचं वाद्य आजच्या पट्टीपेक्षा ४९ सेंट वर बोलतं. मुख्य स्लाइड पावणेआठ सेंटिमीटर ओढावी लागते, आणि शिवाय तिन्ही व्हॉल्व्हच्या स्लाइडही त्या प्रमाणात. जुन्या बाजारात ट्यूबा घेताना म्हणूनच ट्यूनर लावून मोकळा सा आधी ऐका, भावाचं नंतर बोला.

मुलगा पुढच्या रविवारी वही घेऊन आला. नी मोकळा, खालचा रे अधिक नऊ, ग समोर दोन आकडे: मोकळा उणे तेरा, पहिला-दुसरा अधिक सहा. कुठल्या गाण्यात कुठला, ते त्यानं पेन्सिलीनं शेजारी लिहून ठेवलं होतं.